डोक्याच्या हाडात आलेला स्तनाचा कॅन्सर : माझं वर्ष

माझा आजार ऐकला की समोरचं माणूस पहिल्यांदा हेच विचारतं, "म्हणजे ब्रेन ट्यूमर का?" नाही. माझ्या मेंदूत काही नाही. 2015 साली मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. त्याच्याच पेशी नऊ वर्षांनी डोक्याच्या हाडात, कवटीच्या तळाला सापडल्या. हाड डोक्याचं असलं तरी आजार स्तनाचाच, आणि औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच चालतात. एवढी गोष्ट समजायला मला आणि घरच्यांना बरेच दिवस लागले. त्या दिवसांत जी भीती आम्ही काढली ती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला कमी यावी म्हणून सगळं तारखेवार लिहिते आहे.

मी तासगावची. ब्लाउज आणि ड्रेस शिवते, घराला लागूनच दुकान आहे. 2015 साली चव्वेचाळीस वर्षांची होते. मिरजेत ऑपरेशन झालं, काखेतल्या दोन गाठींत आजार निघाला, मग केमो, मग शेक म्हणजे रेडिएशन. रिपोर्टवर ईआर, पीआर पॉझिटिव्ह आणि हर टू निगेटिव्ह असं होतं, म्हणजे कॅन्सर हार्मोनवर वाढणारा. त्यासाठी पाच वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी घेतली, ती 2021 च्या सुरुवातीला बंद झाली. दरवर्षी तपासणी, मॅमोग्राफी, सगळं चांगलं. पाच वर्षं झाली की सुटलो असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. हार्मोनवाल्या प्रकारात मात्र तो दहा वर्षांनीही परत येऊ शकतो, आणि परत आला तर सगळ्यात जास्त वेळा हाडात येतो. मणका, खुबा, बरगड्या या नेहमीच्या जागा. डोक्याचं हाड त्या मानाने कमी, पण तिथेही येतो.

2024 च्या जूनमध्ये कपाळाची डावी बाजू दुखायला लागली. डोळ्याच्या मागे खोल कुठेतरी. दिवसा कामात विसरायला व्हायचं, रात्री आडवं झालं की वाढायचं. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्याने चार तास बरं वाटायचं. जुलैत डाव्या भुवईवर बोट फिरवलं तर कातडी जाड झाल्यासारखी, स्पर्श कळतोय पण लांबून, असं वाटायचं. अर्धशिशी म्हणून तेही चाललं.

ऑगस्टच्या शेवटी गौरी-गणपतीची शिलाई अंगावर होती. एका दुपारी सुईत दोरा ओवायला घेतला तर सुईला दोन नेढी दिसली, शेजारी शेजारी, दोन्ही सारखीच खरी. दोरा एकीत घालावा तर हवेत जायचा. डावा डोळा मिटला की एकच सुई. उजवा मिटला तरी एकच. दोन्ही उघडे ठेवले की दोन. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नवा चष्मा केला, बाराशे रुपये गेले, फरक शून्य. ऋषिपंचमीला, 8 सप्टेंबरला आमच्या तासगावचा रथ निघतो. दोराला माणसं लागलेली, गुलाल उडतोय, आणि मला दोन रथ दिसत होते. मी मिस्टरांचा दंड घट्ट धरला. तोवर घरात कुणाला काही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका फिजिशियनकडे गेलो. साखर काठावर निघाली. "शुगरमुळे डोळ्याची नस अशी मंदावते, तीन महिन्यांत आपोआप सुधारते, थांबा," असं सांगितलं. तसं खरंच होतं, ते काही चुकीचं सांगत नव्हते. पण माझ्या बाबतीत तीन महिने थांबणं महागात पडलं असतं. डोकं तीन महिने दुखत होतंच, म्हणून 12 तारखेला, गौरी विसर्जनाच्या दिवशी, सांगलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी चष्मा काढायला लावला आणि पेन धरलं. "मान हलवू नका, नुसतं पेनाकडे बघा." पेन उजवीकडे नेलं, दोन्ही डोळे गेले. डावीकडे नेलं, उजवा डोळा गेला आणि डावा मध्येच थांबला. मला आतून जाणवतही नव्हतं. लेकीने तिच्या मोबाइलवर ते शूट केलं, म्हणून मी नंतर पाहिलं. मग त्यांनी कापसाचं टोक दोन्ही भुवयांवर फिरवून विचारलं. डावीकडे कमी लागत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, याआधी कुठलं मोठं ऑपरेशन?"

मी 2015 चं सांगितलं. कुठल्या बाजूचं, किती गाठी, गोळी कधी बंद केली, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "डोळा बाहेर नेणारी सहावी नस आणि कपाळाच्या स्पर्शाची नस, दोन्ही एकाच बाजूला मंद आहेत. या दोन नसा कवटीच्या तळाशी अगदी जवळून जातात. तुमचा इतिहास बघता मी थांबणार नाही. कॉन्ट्रास्ट घालून एमआरआय करा, फक्त मेंदूचा नको, कवटीच्या तळाचाही बघायला लिहितो."

ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. ज्यांना कधी काळी स्तनाचा कॅन्सर झालेला आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, कान, नाक, डोळा, दात, कुठल्याही डॉक्टरकडे जा, पहिल्या वाक्यात ते सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका. एका बाजूची हनुवटी आणि खालचा ओठ बधिर होणं, जीभ एका बाजूला वळणं, गिळताना ठसका लागणं, आवाज बसणं, डोक्यावर न दुखणारं टेंगूळ येणं, हे सगळं इतर साध्या कारणांनीही होतं, पण आपल्यासारखीच्या बाबतीत फोटो काढून बघावं लागतं.

14 सप्टेंबरला एमआरआय झाला. आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, कारण कॉन्ट्रास्टचं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. खर्च साडेसात हजार. रिपोर्ट अनंत चतुर्दशीला हातात आला. बाहेर मिरवणुकीचे ढोल आणि आम्ही तिघं आत रिपोर्ट घेऊन बसलेलो. क्लायव्हस नावाचं कवटीच्या तळाचं हाड, त्याला लागून कानामागच्या हाडाचं डावं टोक, आणि वर माथ्याच्या हाडात एक डाग. शेवटची ओळ मात्र चांगली होती, मेंदूच्या आत काही नाही. लेकीने ती ओळ मोठ्याने तीनदा वाचली. त्या संध्याकाळी आम्हाला त्या ओळीचा पुरता अर्थ कळला नव्हता.

मिरजेतल्या माझ्या जुन्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे फाईल घेऊन गेले. त्यांनी तिथल्या तिथे डेक्सामेथासोनच्या गोळ्या सुरू केल्या, नसेभोवतीची सूज उतरावी म्हणून. दोन दिवसांत डोकं निम्म्याने उतरलं. पण ही स्टेरॉइडची गोळी सकाळीच घ्यावी, दुपारनंतर घेतली तर रात्रभर डोळा लागत नाही. साखर वाढते, ती घरच्या मशीनवर बघावी लागते. भूक भयंकर लागते. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी उतरवत न्यायची.

23 सप्टेंबरला कोल्हापुरात पेट स्कॅन केला, म्हणजे अंगात कुठे कुठे आजार जागा आहे ते दाखवणारा फोटो, बारा हजार रुपये. सहा तास उपाशी, साखर आटोक्यात हवी. इंजेक्शन दिल्यावर तासभर एका खोलीत गप्प पडून राहायचं, बोलायचं नाही, मोबाइल नाही. त्या दिवशी लहान लेकरं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायला सांगतात. जावेची सून तेव्हा पोटुशी होती, म्हणून मी ती रात्र बहिणीकडे काढली. यात डोक्याशिवाय पाठीच्या एका मणक्यात आणि उजव्या खुब्याच्या हाडात आजार दिसला. फुप्फुस, यकृत स्वच्छ. म्हणजे फक्त हाडात.

भावाचा आग्रह होता की एकदा टाटाला दाखवायचंच. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालो आणि 30 सप्टेंबरला सकाळी परळला पोचलो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगते. नवीन पेशंटची नोंदणी होऊन फाईल नंबर मिळतो, तो कायमचा. जनरल की प्रायव्हेट हे नोंदणीलाच ठरवावं लागतं, आम्ही जनरल केलं. स्मार्ट कार्ड मिळतं, त्यात पैसे भरायचे आणि तपासण्यांचे पैसे त्यातूनच वळते होतात, प्रत्येक खिडकीवर रोख मोजावी लागत नाही. गर्दी खूप असते. बरोबर एक धडधाकट माणूस हवं, कारण रांगेत उभं राहणारं एक आणि पेशंटजवळ बसणारं एक अशी वाटणी करावी लागते. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत आमची राहायची सोय झाली. त्याला दवाखान्याचे कागद लागतात, म्हणून आधी नोंदणी, मग धर्मशाळा, असा क्रम ठेवा. तिथे कोल्हापूरपासून बिहारपर्यंतची माणसं होती. रात्री जेवणाच्या पंगतीला शेजारी बसलेल्या एका मावशींना मणक्यात हाच आजार येऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या नातीच्या बारशाला जायचं म्हणून तारीख पुढे मागत होत्या. मला त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली.

3 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, तिथल्या डॉक्टरांनी सगळं एकत्र बघून सल्ला दिला. डोळ्याची नस वाचवायची तर डोक्याला शेक लगेच सुरू करा, तो मिरजेतही होतो, त्यासाठी मुंबईत राहायची गरज नाही. हाडाचा तुकडा काढून पुन्हा तपासा. रिसेप्टर, म्हणजे ते ईआर, पीआर, हर टू, तेच आहेत का बदललेत ते बघा. मग गोळ्या. मी विचारलं, "पुन्हा बायोप्सी कशाला, कॅन्सर तोच ना?" डॉक्टर म्हणाल्या, नऊ वर्षांत कॅन्सर आपला स्वभाव बदलू शकतो आणि औषध त्याच्या आजच्या स्वभावावर ठरतं. मग मी तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात. त्या खाली बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "पूर्ण काढून टाकता येणार नाही. पण दाबून ठेवता येतो. फक्त हाडात असलेला आणि हार्मोनच्या गोळीला दाद देणारा असेल तर पुष्कळ जणी वर्षानुवर्षं गोळ्यांवर कामधंदा करतात." खोटा धीर नाही आणि हातही झटकले नाहीत. मिस्टर बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि रडले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, मी त्यांना रडताना तेव्हा पाहिलं.

रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म तिथूनच सहीशिक्क्याने मिळतो. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाण्यायेण्याला स्लीपर आणि थर्ड एसीला तिकीट पडत नाही, सोबतच्या माणसालाही त्याच डब्यात पाऊण तिकीट माफ. आम्ही स्टेशनच्या खिडकीवर फॉर्म देऊन तिकीट काढलं. एसटीत तर 2023 पासून आपल्या सगळ्या बायकांना अर्धंच तिकीट आहे, तासगाव-मिरज फेऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला.

7 ऑक्टोबरला मिरजेत बायोप्सी झाली. डोक्यातून नाही, खुब्याच्या हाडातून. जागा बधिर करून, सीटी स्कॅनमध्ये बघत जाड सुई घालतात. दाब जाणवतो, हाडात शिरताना एक करकर ऐकू येते, कळ मात्र सोसण्याइतकीच. एक महत्त्वाचं, हाड कापता यावं म्हणून लॅबमध्ये ते आधी मऊ करतात, आणि कडक आम्लात मऊ केलं तर रिसेप्टरचा रिपोर्ट चुकून निगेटिव्ह येऊ शकतो. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लॅबला तशी सूचना लिहिली होती. तुमच्याही डॉक्टरांना विचारून ठेवा. जुन्या ऑपरेशनचे ब्लॉक, म्हणजे गाठीचे मेणात जपलेले तुकडे, आणि स्लाइडही लॅबमधून मागून घेतल्या, साधा अर्ज आणि आधारची झेरॉक्स लागली. ते मेणाचे ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका.

आता जनआरोग्य योजनेचं. आमचं रेशनकार्ड केशरी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शेक मोफत होतो, पण दवाखाना योजनेतला हवा आणि सुरू करण्याआधी मंजुरी यायला हवी. आधी पैसे भरून मागाहून योजनेत बसवता येत नाही. दवाखान्यात आरोग्यमित्राची खिडकी असते, तिथे रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचे आणि स्कॅनचे रिपोर्ट, डॉक्टरांचा सल्ला एवढं द्यायचं. माझं नाव रेशनकार्डावर एक आणि आधारवर दुसरं होतं, आडनावाच्या स्पेलिंगचा घोळ. शेक चार दिवसांवर आलेला आणि हे पुढे आलं. दीर तासगावच्या तहसील कचेरीत पुरवठा शाखेत जाऊन बसले, तिथल्या क्लार्क बाईंनी आजार ऐकून दुरुस्ती हातोहात करून दिली. 155388 या योजनेच्या फोनवर कुठला दवाखाना कशासाठी मंजूर आहे ते सांगतात. धडधाकट असतानाच घरातल्या सगळ्यांची नावं दोन्हीकडे जुळवून ठेवा, हे मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

10 ऑक्टोबरला मास्क केला. डोक्याचा शेक म्हणजे डोकं केसभरही हलता कामा नये, म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क करतात. भोकाभोकांचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात बुडवतात, तो चामड्यासारखा लुळा पडतो. मग दोघंजण तो चेहऱ्यावर ठेवून कडेने खाली ओढतात आणि टेबलाला खटके लावतात. गरम, ओला, नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत घट्ट. श्वास घेता येतो, जाळी आहे ना, पण पहिल्या मिनिटाला ते मनाला पटत नाही. टेक्निशियन मुलगी माझा हात धरून म्हणाली, "काकू, नाकाने घ्या, तोंडाने सोडा, मी इथेच आहे." पाच-सात मिनिटांत तो कडक होतो. खुणा मास्कवरच करतात, चेहऱ्यावर नाही.

14 ऑक्टोबरला, दसऱ्यानंतरच्या सोमवारी शेक सुरू झाला आणि 25 ला संपला. एकूण दहा, शनिवार-रविवार सुट्टी. आत एकटंच असायचं, पण कॅमेऱ्यातून ते बघत असतात, काही वाटलं तर हात वर करायचा. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणायचे. ती पुरी व्हायच्या आत मशीन थांबलेलं असायचं. काहीच दुखत नाही. बाहेर आलं की गालावर जाळीचे ठसे, ते तासाभरात जायचे. पोटात ढवळायचं, म्हणून आधी दीड तास काही खाल्लं नाही. दुसऱ्या आठवड्यात डावा कान बंद झाल्यासारखा झाला, तोंडाची चव गेली आणि डावीकडे कानावरचे केस एका पट्टीत गळले. केस जानेवारीपर्यंत परत आले. थकवा मात्र शेक संपल्यावर जास्त आला, पंधरा दिवस मी नुसती पडून होते. शेक संपला म्हणजे ताकद येईल असं घरच्यांना वाटत होतं, त्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दुखण्यासाठी याच काळात मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. नाव ऐकून सासूबाईंनी हंबरडाच फोडला, मॉर्फिन म्हणजे शेवट असं त्यांच्या डोक्यात. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या विभागाच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं, दुखणं कमी झालं की ही गोळी कमी करता येते. आणि तसंच झालं, नोव्हेंबरच्या अखेरीस ती बंद झाली. मॉर्फिन साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, परवाना असलेल्या दवाखान्यातूनच न्यावं लागतं, तेव्हा गोळ्या संपायच्या आधीच जा. त्याच्याबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून घ्याच.

दोन-दोन दिसण्याचं काय केलं तेही सांगते. डोळ्यावर काळी पट्टी बांधली तर घाम यायचा आणि लेकरं घाबरायची. मग चष्म्याच्या डाव्या काचेवर आतून मेडिकलमधली पांढरी कागदी टेप लावली. उजेड येतो, दुसरं चित्र येत नाही. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो, जिना उतरताना कठड्याला धरायचं, चहा ओतताना कप बशीला टेकवायचा. शिलाई तीन महिने पूर्ण बंद ठेवली. हातातली ऑर्डर शेजारच्या गल्लीतल्या बाईंनी पुरी केली, आणि एकाही गिऱ्हाईकाने तक्रार केली नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट 18 ऑक्टोबरला आला होता. ईआर पॉझिटिव्ह, पीआर थोडंसं, हर टू निगेटिव्ह. म्हणजे गोळ्या चालणार, केमो नको. पाळी केमोच्या वेळेसच गेली होती, तरी रक्तातले हार्मोन तपासून खात्री केली, कारण लेट्रोझोल ही गोळी पाळी खरोखर गेलेल्या बाईलाच एकटी चालते. लेट्रोझोल रोज एक, त्याचा खर्च फार नाही. त्याच्याबरोबर पाल्बोसायक्लिब, एकवीस दिवस रोज एक आणि सात दिवस बंद. 2015 ला ऑपरेशन झालं तेव्हा हे औषध भारतात आमच्यासारख्यांच्या हाती लागणारं नव्हतं. 2023 च्या जानेवारीत भारतातलं त्याचं पेटंट संपलं आणि इथल्या कंपन्यांनी ते बनवायला सुरुवात केली, किंमत एकदम उतरली. तरीही छापील किंमत आणि खरी विक्रीची किंमत यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्या दुकानात महिन्याचे नऊ हजार सांगितले, तीन ठिकाणी चौकशी केल्यावर तेच औषध दुसऱ्या कंपनीचं साडेतीन हजाराला मिळालं. डॉक्टरांना विचारून, बिल घेऊनच घ्या, लाजू नका.

हाडांचं इंजेक्शन सुरू करण्याआधी दात. हाडं बळकट राहावीत म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात, आणि ते सुरू झाल्यावर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. त्यामुळे जे काढायचे ते दात आधीच काढायचे. माझी एक दाढ किडलेली होती, ती दिवाळीच्या तोंडावर 28 ऑक्टोबरला काढली. हिरडी पुरती भरल्याचं दातांच्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच, 9 डिसेंबरला पहिलं इंजेक्शन झालं. सलाइनमधून पंधरा-वीस मिनिटांत देतात. आधी क्रिएटिनिन, आदल्या दिवशी भरपूर पाणी. त्या रात्री थंडी वाजून ताप आला, अंग ठेचून निघालं, पॅरासिटामॉलने दुसऱ्या दिवशी उतरलं. बहुधा पहिल्या वेळीच असं होतं, मला पुढच्या वेळी काही झालं नाही. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र रोज.

पाल्बोसायक्लिब भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, 4 नोव्हेंबरला सुरू केलं. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, कारण पांढऱ्या पेशी उतरतात. दुसरा महिना सुरू करायच्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे त्यातल्याच एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, 700 निघाले. गोळी आठवडाभर पुढे ढकलली, 1150 झाल्यावर चालू. तिसऱ्या महिन्यालाही तसंच, मग डोस 125 वरून 100 वर आणला. डोस कमी झाला म्हणजे औषध कमी लागू पडेल या विचाराने मी फार काळजीत होते. डॉक्टरांनी समजावलं की हे औषध असंच प्रत्येकीला बेतून द्यावं लागतं, डोस उतरवला म्हणून परिणाम वाया जात नाही. ताप शंभराच्या वर गेला तर रात्र असो, अपरात्र असो, दवाखान्यात जायचं, हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवलं आहे.

डोळा हळूहळू वळायला लागला. संक्रांतीला हळदी-कुंकवाच्या बायका दारातून आत येताना समोर एकेकच दिसल्या. त्या दिवशी काचेवरची टेप काढली. अजूनही अगदी डावीकडे टोकाला बघितलं की दोन दिसतात, तेवढी मी मान वळवते. भुवईवरचा जाडपणा पूर्ण गेला नाही. नस किती परत येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते.

फेब्रुवारीत पुन्हा पेट स्कॅन झाला आणि रिपोर्टमधल्या एका ओळीने आम्हाला दोन रात्री झोपू दिलं नाही. सीटीमध्ये बरगडीत आणि दुसऱ्या एका मणक्यात "नवे पांढरे डाग" असं लिहिलेलं. लेक पुण्याहून रात्रीच्या गाडीने आली. सोमवारी डॉक्टरांनी दोन्ही सीडी शेजारी लावल्या. म्हणाले, हे डाग तेव्हाही होते, इतके बारीक की दिसत नव्हते. औषध लागू पडलं की हाड भरून येतं आणि भरलेलं हाड सीटीत पांढरं दिसतं. पेटमध्ये त्याच जागा विझलेल्या आहेत, डोक्यातलीही जवळजवळ विझली आहे. हाडाच्या आजारात पहिल्या काही महिन्यांच्या फोटोंत असं दिसतं, तेव्हा रिपोर्ट हातात पडला की घरीच अर्थ लावत बसू नका आणि जुन्या स्कॅनची सीडी प्रत्येक वेळी बरोबर न्या. नुसत्या छापील रिपोर्टवरून दोन स्कॅनची तुलना होत नाही.

आज जुलै 2025. शिलाई सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास, बारीक हातकाम घेत नाही, मशीनचं घेते. सांधे सकाळी आखडलेले असतात, ते लेट्रोझोलचं, अंगणात चालून सुटतात. जड पाण्याची घागर आणि पिठाचा डबा मणक्यामुळे उचलत नाही. खूप तहान, शौचाला घट्ट, सुस्ती असं एकदम सुरू झालं तर रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगितलं आहे. पाठ दुखून पायात ताकद कमी वाटली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी एमआरआय, एक दिवसही थांबायचं नाही. इंजेक्शन आता बारा आठवड्यांनी एकदा केलं आहे. महिन्याचा गोळ्यांचा आणि तपासण्यांचा मिळून पाच हजारांच्या आसपास खर्च येतो, त्यातला काही भाग भाऊ देतो. पुढचा स्कॅन ऑगस्टमध्ये आहे. सांगली-मिरज भागातल्या कुणाला योजनेच्या कागदांचं किंवा मास्कच्या भीतीचं काही विचारायचं असेल तर खाली लिहा, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी उत्तर देते.